शिडाच्या होड्या आपल्याकडे का नाही?

संपादक साहेब, नमस्कार. जळगावच्या मेहरुण तलावावर रोज फिरायला येणारा मी एक रिटायर्ड माणूस. मागे मुलाकडे हैदराबादला गेलो होतो, तिथे हुसेनसागर तलावात पोरं एकेकटी छोट्या शिडाच्या होड्या चालवताना दिसली आणि मी बघतच राहिलो. चौकशी केली तर कळलं की हा शिडाच्या होड्यांचा यॉट क्लब ऑफ हैदराबाद, २००९ मध्ये सुरू झालेला, म्हणजे काही जुनाट साहेबी काम नाही. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, तिथलं वातावरण वेगळं, पण हैदराबादला क्लबचे संस्थापक सुहेम शेख यांनी गरीब वस्तीतल्या पोरापोरींना होडीत बसवलं आणि त्यातली काही नॅशनलपर्यंत गेली. जवळ समुद्र नाही, तलावाचं पाणी घाण, वास तर विचारूच नका, तरी झालं.

होडीच्या प्रकाराचं नाव ऑप्टिमिस्ट, साधारण पावणेआठ फूट लांब, एक शीड, एक पोरगं, डिझेलचा खर्च शून्य.

आता आपल्याकडे वारा म्हटलं की केळी आडवी झाल्याचीच बातमी येते, पण भाऊ, मेहरुण आहे, वाघूर धरण आहे, भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण आहे. सुरक्षा, परवानगी, लाइफ जॅकेट हे सगळं आधी बघावंच लागेल, हतनूरला पक्षी येतात तो भाग तर सोडूनच द्यावा. मेहरुणलाच चार होड्यांनी सुरुवात करून बघायला काय हरकत आहे?

– एक वाचक, जळगाव