रविवारची सूचना : बाप्तिस्मा आणि जादाचा स्वेटर

सांगलीतल्या सर्व सभासदांना सप्रेम सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचा वर्ग आहे. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनीही थांबावं. खरं तर आपल्यालाच जास्त गरज आहे.

येताना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचून या. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता, हे पाठ आहे सगळ्यांना. पण लोकांनी त्याला विचारलं, ‘मग आम्ही करावं काय?’ तेव्हा त्यानं उपास सांगितला नाही की नवस. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कुणाला लुबाडू नका, पगारात भागवा. जकातदाराला नोकरी सोड म्हणाला नाही, हे मला फार आवडतं. त्याच नाक्यावर बसायचं, पण हात स्वच्छ ठेवून. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम आमचा बाप आहे, ही लोकांची फुशारकीही त्यानं चालू दिली नाही. आपल्यातल्या ‘आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती’वाल्यांनी (मीही त्यातलाच) हे ऐकावं.

काल मी ट्रंक उघडली. तळाशी डांबरगोळ्यांच्या वासाचे दोन स्वेटर निघाले, चार हिवाळे न घातलेले. ते रविवारी आणतोय. तुम्हीही आणा, मात्र धुऊन, बटणं लावून. फाटकं नको. मंडळीच्या व्हरांड्यात टेबल ठेवलेलं असेल. कृष्णेकाठच्या पालांवर दुपारी चार वाजता वाटायला जाऊ. दुचाकीवाल्यांनी आधी कळवावं.