बंड्या, पाळण्याचं नंतर बघू

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला, वहिनींना सातवा लागला, मस्त! डोहाळजेवणाला यायला काही जमत नाही रे, म्हणून हे लांबलचक पत्र. पाळणा कुठला घ्यावा विचारलंस, ते शेवटी सांगतो, आधी आमच्या बाळाच्या वेळी आलेल्या डूलाबद्दल.

आमच्याकडची परिस्थिती तुला माहितीये. आई नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐन हिच्या बाळंतपणाच्या महिन्यात, आणि मला ऑफिसातून सुट्टी 5 दिवस. हिला रजा 26 आठवडे, मला 5 दिवस, कर हिशोब. मालिशवाली बाई सकाळी यायची, बाळाला न्हाऊमाखू घालून, टाळू भरून, धुरी देऊन तासाभरात पसार. शेजारच्या बेन काटलू (बाळंतिणीचा गुजराती पौष्टिक खाऊ) घेऊन आल्या, आत्या डिंकाचे लाडू घेऊन आली, बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातली अर्धी आळी येऊन बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर चर्चा करून गेली आणि ही आतल्या खोलीत, टाके दुखतायत, सकाळपासून दात घासलेले नाहीत, हिला साधं पाणी हवंय हे कुणाच्याच लक्षात नाही. माझ्याही नाही.

मग हिच्या मैत्रिणीने डूला सुचवली. मी म्हटलं हे काय नवीन फॅड. आजी म्हणाली, "म्हणजे सुईण?" नाही गं, सुईण बाळंतपण करते, ही नंतर येते, बाळंतिणीला सांभाळायला. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी, 1973 साली डॅना राफेल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अंगावर पाजण्यावरच्या पुस्तकात तो असा वापरला. आजी म्हणे आमच्या वेळी घरात आठ जणी होत्या, पैसे घेत नव्हत्या, आणि टोमणेही फुकट मारायच्या.

तर या डूला ताई आल्या, हात धुतले आणि पाळण्याकडे न जाता सरळ हिला विचारलं, "जेवलीस का?" ही रडायलाच लागली.

उशी कशी लावायची, बाळाला कसं धरायचं, सगळं त्यांनी दाखवलं. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, त्याचा अर्थ दूध पुरत नाही असा नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान 6 लंगोट ओले व्हायला हवेत, ते मोजायला वही माझ्या हातात दिली (इंजिनिअरिंगची डिग्री अखेर कामाला आली), आणि रात्री 2 वाजताचा ढेकर काढायची ड्यूटी पण माझी.

आत्याने बाळाला मध चाटवायचा हट्ट धरला तेव्हा ताई वाद घालत बसल्या नाहीत, म्हणाल्या बाळाच्या डॉक्टरांना फोन लावा, स्पीकरवर ठेवा. डॉक्टर म्हणाले वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आत्या रुसली ती डॉक्टरांवर, आम्ही सुटलो.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. पहिल्या दिवसांत खूप जणींना रडू येतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. हिचं तिसऱ्या आठवड्यातही थांबेना, बाळ झोपलं तरी ही टक्क जागी, आणि मी आपला होईल ठीक, होईल ठीक करत बसलेला. ताईंनी मला गॅलरीत बोलावलं, म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही, मी डॉक्टर नाही. उद्याच्या उद्या घेऊन जा." तिथे 10 प्रश्नांचा कागद भरून घेतला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला असतो, एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, मग डॉक्टर बराच वेळ हिच्याशी बोलल्या आणि उपचार सुरू झाले. मी घरातच होतो रे, तरी मला दिसलं नाही. आता तीन महिने झालेत, बरी आहे, परवा सुरसागर तलावावर फिरून आलो आणि येताना हिने झणझणीत सेवउसळ दोन प्लेट हाणली.

ताईंचे पैसे काही कमी नव्हते, उगाच खोटं कशाला बोलू. वहिनींकडे माणसं भरपूर असतील तर डूला नको घेऊस, पण त्यातलं एक माणूस फक्त वहिनींचं असं आधीच ठरवून टाक, आणि कुणी नसेल तर तू हो.

पाळणा कुठलाही घे, आमचा तर मांडीवरच झोपतो. बेनना काटलू करायला सांगितलंय, बाळ झालं की कुरिअर करीन. डब्यावर वहिनींचं नाव असेल, तू हात लावायचा नाही.

तुझा,
पक्या