चिऊला, पेपरच्या आधी

चिऊ,

पाठांतराबद्दल एक शब्दही काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय. रविवारी तू दार आपटून मावशीकडे गेलीस, त्यानंतर बराच वेळ मी तुझ्या टेबलाशी बसून होतो. पुस्तक न घेता द्यायचा पेपर, म्हणून केलेली तुझी पिवळी कार्डं मोजली. 114 भरली. पुढच्या बाजूला ओळ, मागे कुणा समीक्षकाचं मत. ए-लेव्हलची, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीची, दोन वर्षं, इंग्रजी साहित्याची 8 पुस्तकं, एवढं सगळं डोक्यात ठेवायचं म्हणजे कार्डं हवीतच, ते कळतं मला. पण एका कार्डावर फक्त 'कॉर्डेलिया : नथिंग' एवढंच होतं आणि मागची बाजू कोरी.

तू नऊ वर्षांची असताना मी तुला शेक्सपिअरच्या किंग लिअरची गोष्ट सांगितली होती : म्हातारा राजा राज्य वाटताना तिन्ही मुलींना विचारतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते बोला, आणि धाकटी कॉर्डेलिया म्हणते, 'नथिंग', काही नाही. तू अंथरुणात उठून बसलीस. "ती खोटं का नाही बोलली? बाबा म्हातारा आहे ना तिचा!" मग रडलीस, आणि आई मला रागावली. हे त्या कार्डामागे का नाही लिहिलंस गं? तुमच्या मूल्यमापनाच्या निकषांत पहिलाच निकष स्वतःच्या, अभ्यासपूर्ण प्रतिसादाचा आहे. इतरांची मतं हवीत, पण ती शेवटच्या निकषात येतात.

नाहम टेट या नाटककाराने 1681 मध्ये लिअरचा शेवट बदलून कॉर्डेलियाला जगवलं, नाटकातल्याच एडगरशी तिचं लग्न लावलं, आणि जवळजवळ 150 वर्षं रंगभूमीवर तेच चाललं. हे तुझ्या कार्डावर आहे. समीक्षक सॅम्युअल जॉन्सनही आहे. तिच्या मरणाने तो इतका हादरला, की शेक्सपिअरच्या संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचा त्याला धीर झाला की नाही, हे त्यालाच सांगता येईना. जॉन्सनला आधी लागलं, चिऊ, मत नंतर झालं. तू ते मत घोकतेस, आणि तुला स्वतःला जे लागलं होतं ते...

आलोच परत तिथे. माफ कर.

पाठ करायची सवय मीच लावली. पाढे, रामरक्षा, न चुकता म्हटलंस की खांद्यावर घेऊन घरभर फिरवायचो. मीही बारावीला गाईडमधली उत्तरं घोकली. मार्क मिळाले. पण आजही मीटिंगमध्ये कुणी "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं, की मी आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. ते तुझ्यात उतरू नये, एवढीच धास्ती आहे. ग्रेड काय यायची ती येईल.

मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, पेपरात बाईंनी समासात 'हे कोणाचं मत?' असं लिहिलं, तेच तू बघत बसलीस. त्याच पानावर खाली तुझं वाक्य आहे : लिअरला प्रेम मोजून हवं होतं, म्हणून त्याने राज्यही मोजून दिलं. ते वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. फोनवर दादालाही.

रविवारी मीसुद्धा "बोल, तुला काय वाटतं ते बोल" म्हणून तुझ्या मागेच लागलो होतो. तू म्हणालीस, "काही नाही." आणि मी आवाज चढवला. हे रात्री दोनला लक्षात आलं, मग झोप लागली नाही.

कार्डांना रबरबँड लावून ठेवलाय. कोरं वर आहे. शनिवारी चारला मावशीकडे घ्यायला येतो. गाडीत काही विचारणार नाही.

बाबा