थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावा

महोदय,

गोव्यात फोंडा, म्हापसा, मडगाव इथे ‘स्पीच थेरपी’ (वाचा-उपचार), ‘ऑटिझम’ (स्वमग्नता) अशा पाट्या हल्ली जागोजागी दिसतात. गरज आहेच. पण आत मुलांना हाताळणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का, हे पालकांनी ओळखायचे कसे? माझी भाची अडीच वर्षांची होऊनही बोलत नव्हती, म्हणून तिला अशाच एका केंद्रात नेले. भिंतीवर अल्पमुदतीच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले. नोंदणी क्रमांक विचारला, तर “तो कशाला हवा?” असे उत्तर मिळाले.

हवा, कारण कायदाच तसा आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट यांची परिषदेच्या नोंदवहीत नोंद लागते. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, ती वाढवायला हवी.

मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती पहिल्या काही वर्षांत. ती वर्षे चुकीच्या हातांत गेली, तर भरून कशी काढणार? आरोग्य खात्याने प्रत्येक केंद्राला नोंदणी क्रमांक दारावर लावणे सक्तीचे करावे आणि नोंदणीकृत तज्ज्ञांची तालुकावार यादी अंगणवाड्यांतून पालकांपर्यंत पोहोचवावी. काणकोण, पेडणे या टोकाच्या तालुक्यांपासून सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा