कल्याण शेडच्या काकांना मनापासून थँक्यू

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच "अरे त्यात काय एवढं" म्हणून आईच्या गुडघ्यावर नाहीतर पावसावर येता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून काढतोय, इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका माझ्या आईचे शेजारी, कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधनं रिटायर्ड झालेत, अख्खी नोकरी ट्रॅक्शन मोटरवर, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवणाऱ्या मोटरवर गेली. मी इंग्लंडात वॉरिंग्टनला असतो. इथल्या एका टॉय फेअरमधे मी सेकंडहँड जिंटी घेतली, म्हणजे त्या नावाच्या खऱ्या इंजिनाचं छोटं चालतं मॉडेल, ट्राय-अँग कंपनीचं, मॉडेल नंबर आर ५२, काळं छोटं टँक इंजिन, नंबर ४७६०६. ओओ गेज, म्हणजे खऱ्या १ फुटाला ४ मिलिमीटर, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि सगळं चालतं १२ व्होल्ट डीसीवर. दिसायला एकदम सुंदर, पण रुळावर ठेवली की झटके देत हातभर जायची, थांबायची, बोट लावलं की परत निघायची, मधेच कंट्रोलरचा कटआउट (करंट जास्त झाला की सप्लाय तोडणारा) पडायचा, आणि थोडा वेळ जरी चालवली तरी बॉडी हाताला गरम लागायची. दोन-तीन जाणकारांना विचारलं, सगळ्यांचं एकच, मोटर बदलून टाक. मला ते पटत नव्हतं, कारण ती मोटर, एक्सओ४ म्हणतात तिला, इतकी साधी आणि उघडी आहे की सगळे पार्ट डोळ्यांना दिसतात, मग बदलायची कशाला.

आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, तुम्ही रवा द्यायला आला होतात आणि टेबलावर इंजिन दिसलं तसे खुर्ची ओढून बसलात. आणि पहिलंच काय विचारलंत, तर "ड्रायव्हरने बुक काय केलंय?" मला कळेना. मग तुम्ही सांगितलंत की शेडमधे इंजिन आलं की आधी ड्रायव्हरने फॉल्ट काय लिहिलाय ते वाचायचं, "चालत नाही" असं लिहून भागत नाही, कधी, कुठे, किती लोडवर, गरम असताना का थंड असताना, हे पाहिजे. तर तसं लिही आणि मग मला फोन कर. मी वहीत लिहिलं, आणि लिहितानाच कळलं की मला माझ्या इंजिनाबद्दल केवढी माहिती आहे जी मी वापरतच नव्हतो.

दुसऱ्या कॉलला तुमचा प्रश्न होता, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी अडतं का कुठेही अडतं? चाकावर मार्करने ठिपका द्यायला लावलात. मला वाटतं सेकंडहँड इंजिन घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पाठ करावा, कारण एकाच जागी अडत असेल तर भानगड मेकॅनिकल, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारा कपलिंग रॉड वाकलाय किंवा दोन बाजूंच्या चाकांमधला नव्वद अंशांचा कोन हललाय किंवा गिअरच्या दातात काहीतरी आहे, आणि कुठेही अडत असेल तर बहुतेक करंट नीट पोचत नाहीये. माझ्या जिंटीचा ठिपका दर वेळी वेगळ्या जागी थांबत होता. एका ठिपक्यात अर्धं काम झालं!

मग सप्लायपासून सुरुवात. मोटरला हात लावायला तुम्ही खूप वेळ परवानगीच दिली नाहीत काका, आणि त्याबद्दल स्पेशल थँक्यू. आधी मीटर लावून रुळावर व्होल्टेज बघ, मग त्याच रुळावर दुसरं इंजिन चालवून बघ, ते मस्त चाललं, म्हणजे कंट्रोलर आणि रूळ सुटले. मग चाकं. या जुन्या ट्राय-अँगमधे एका बाजूची चाकं सरळ चासीलाच (खालच्या धातूच्या सांगाड्याला) करंट देतात आणि दुसऱ्या बाजूची इन्सुलेटेड असतात, त्यांच्यावर पातळ पट्ट्या घासतात, त्या करंट उचलतात. चाकांवर काळा थर होता, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला इअरबड फिरवला की इअरबडच काळा. पट्ट्या किंचित आत वाकवल्या. एका अॅक्सलला कार्पेटचे धागे आणि केस घट्ट गुंडाळलेले, ते चिमट्याने ओढून काढले. झटके निम्मे कमी झाले, पण कटआउट पडणं आणि गरम होणं तसंच. "आता दोन वायरी थेट मोटरला लाव," तुम्ही म्हणालात, चाकं आणि पट्ट्या सगळ्यांना बायपास करून. मोटर जोरात फिरली, आणि गरमही झाली. म्हणजे रोग मोटरमधेच, आणि आता ती उघडायला कारण होतं, अंदाज नव्हता.

पुढचं मी कधीच विसरणार नाही. मी फोनचा कॅमेरा मोटरच्या इतका जवळ नेला की फोकसच होईना, तुम्ही "थोडा मागे, थोडा मागे, हां तिथेच थांब" करत होतात आणि मग एकदम म्हणालात, ती स्प्रिंग बघ. एक्सओ४ मधे एकच दोन पायांची स्प्रिंग दोन्ही कार्बन ब्रशना, म्हणजे करंट आत देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांना, कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावरच्या तांब्याच्या तुकड्यांवर, दाबून धरते. आता स्प्रिंग धातूची, म्हणजे दोन्ही ब्रश तिच्यातूनच एकमेकांना जोडले जाणार आणि थेट शॉर्ट होणार, म्हणून एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी घातलेली असते. माझ्या इंजिनातली ती नळी वयाने कडक होऊन चिरली होती, त्यामुळे मोटर थरथरली की कधी धातूला धातू लागायचा, कधी नाही. लागला की कटआउट. इतके लोक मोटर बदल म्हणाले आणि फॉल्ट निघाला तो तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत! तुम्ही सांगितलंत तसं एका बारीक वायरचं कव्हर सोलून तेवढाच तुकडा स्प्रिंगच्या पायावर चढवला. खर्च शून्य.

मग कम्युटेटर. इथे तुमचा आवाजच बदलला, कारण हे तुमचं घरचं काम. या आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, तीनच पोल, म्हणून कम्युटेटरचे तांब्याचे तुकडेही तीनच, आणि त्यांच्यामधल्या तिन्ही फटी तेल आणि कार्बनच्या लगद्याने भरलेल्या. कुणीतरी आधी भरपूर तेल ओतलं होतं. तुम्ही सांगितलंत की शेडमधे कम्युटेटर लेथवर टर्न केला की तुकड्यांमधला मायका (इन्सुलेशनचा अभ्रक) खाली कापून घेतात, नाहीतर ब्रश नीट बसत नाही, ठिणग्या पडतात आणि फ्लॅशओव्हर व्हायची, म्हणजे कम्युटेटरभर मोठा जाळ उडायची भीती असते, तिथे १५०० व्होल्ट होते इथे १२ आहेत, पण फट ही फटच, ती स्वच्छ पाहिजे. लाकडी टूथपिकने फटी कोरल्या, अल्कोहोलने पुसल्या. एमरी पेपर अजिबात नाही हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता झोपेतही लावणार नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. मग तुकड्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रेझिस्टन्स मोजायला लावलात, आकडे जवळजवळ सारखे आले आणि तुम्ही म्हणालात, "आर्मेचर चांगलंय, याला जपून वापर." एखाद्या डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल सांगावा तसं वाटलं मला.

तरी एक गोष्ट उरली होती. रिकामी सोडली तर जिंटी सुसाट, पण मागे डबे लावले की दम संपायचा आणि परत गरम. मी वर्णन केलं आणि तुम्ही न बघता सांगितलंत, "वीक फील्ड." खऱ्या इंजिनात जास्त स्पीड पाहिजे असेल तर ड्रायव्हर मोटरचं फील्ड, म्हणजे चुंबकाचा जोर, मुद्दाम कमी करतो, मोटर वेगात फिरते पण करंट जास्त खाते. इथे कुणी मुद्दाम केलं नव्हतं, चुंबकच म्हातारं झालं होतं. एवढ्या सोप्या शब्दांत मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. आणि त्याच वेळी, चुंबक उगाच बाहेर काढू नको हेही सांगितलंत, कारण ही जुनी अल्निको चुंबकं लोखंडी पोलमधून सुटी झाली की आणखी ताकद गमावतात, साफसफाईसाठी म्हणून कितीतरी लोक ते काढतात आणि बरी मोटर बिघडवतात. बदलायचंच असेल तर नवीन हातात घेऊनच जुनं काढ. मी छोटी निओडिमियम चुंबकं मागवली, उरलेल्या जागेत लोखंडी पट्टी भरली, दिशा तपासून बसवली. बेअरिंगच्या फेल्टला (तेल धरून ठेवणाऱ्या मऊ तुकड्याला) तेलाचा एक थेंब, कम्युटेटरला शून्य.

आता जिंटी तीन डबे घेऊन इतक्या हळू निघते की रॉड वरखाली होताना मोजता येतात. हात लावला तर जेमतेम कोमट.

काका, अजून एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. खऱ्या जिंट्या एकूण ४२२ बनल्या, वेगवेगळ्या कारखान्यांत, आणि त्यातल्या बऱ्याच व्हल्कन फाउंड्रीत, न्यूटन-ले-विलोजला. ते गाव माझ्या घरापासून अगदी जवळ आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तिला लावलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं याच व्हल्कन फाउंड्रीची! कारखाना आता नाही, तिथे घरं झालीत, पण मी मुद्दाम जाऊन आलो, फोटो आईच्या फोनवर पाठवलेत, तिच्याकडून बघा. तुम्ही ज्या लाइनवर आयुष्य काढलंत तिची पहिली इंजिनं इथे घडली आणि इथल्या इंजिनाचं मॉडेल तुम्ही कल्याणच्या गॅलरीतून दुरुस्त केलंत, मला याचा फार आनंद आहे.

तुम्ही एकदा म्हणाला होतात की १९२५ पासून रेल्वेला असलेली डीसी वीज २०१६ मधे मुंबईतून पूर्ण गेली आणि तेव्हापासून आपलं शिक्षण कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही असं वाटतं. हे मी तेव्हा ऐकून घेतलं पण मला मान्य नाही. माझ्या ओळखीत आता चौघांनी तुमच्या पद्धतीने जुनी इंजिनं चालू केलीत, त्यातला एक गोरा आजोबा तर तुम्हाला "मिस्टर कल्याण" म्हणतो आणि त्याच्या ओळखीतल्या प्रत्येकाला आधी "ड्रायव्हरने काय बुक केलंय" असं विचारतो. संध्याकाळची बातम्यांची वेळ सोडून तुम्ही माझ्यासाठी बसलात, काकूंनी चहा दोनदा गरम केला, त्यांनाही थँक्यू सांगा.

आई पुढच्या महिन्यात इथून परत येतेय, तिच्या बॅगेत तुमच्यासाठी एक डबा देतोय. त्यात दुसऱ्या एका जिंटीची चासी आहे, मोटरसकट, बंद पडलेली. मी काहीही उघडलेलं नाही. वर चिकटवलेल्या कागदावर फॉल्ट बुक केलाय: पुढे चालते, मागे घेतली की थांबते, गरम होत नाही, कटआउट पडत नाही. सोबत ब्रशचा जोड आणि नवीन स्प्रिंग ठेवलीये. १२ व्होल्टचा सप्लाय तुमच्याकडे आहेच. काय निघतंय ते कळवा.

तुमचाच,
शेजारच्या ताईंचा मुलगा