कुर्डीच्या फोटोखाली मोगूबाईंचं गाणंही लिहा

मा. संपादक यांस,
स. न.

मे महिना आला की साळावली धरणाचं पाणी ओसरतं, सांगे तालुक्यातलं बुडालेलं कुर्डी गाव वर येतं आणि आपल्या अंकात त्याचे मोठे फोटो येतात. भेगाळलेली जमीन, सोमेश्वराचं देऊळ, जत्रेला जमलेले मूळचे गावकरी. फोटो सुंदर असतात. पण खाली शेवटची एक ओळ ठरलेली असते : ‘प्रसिद्ध गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या.’ बस्स, एवढंच.

गेल्या मे महिन्यात मी भावाबरोबर कुर्डीला गेले होते. मोगूबाईंच्या घराची जागा म्हणून दाखवतात तिथे कॉलेजची मुलं फोटो काढत होती. त्यातल्या एकीने मला विचारलं, “मावशी, त्या काय गायच्या?” मी चार वाक्यांत सांगितलं, पण ते अपुरं होतं आणि ते अजून मनाला लागून आहे.

१९०४ साली जन्मलेली ही मुलगी आईविना वाढली, नाटक कंपनीत गेली. सांगलीत जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांनी तिचा रियाज ऐकला आणि आपणहून तालीम सुरू केली. ते मुंबईला गेले तशी तीही मागोमाग गेली. मध्ये तालीम तुटली. त्या काळात ती आग्रा घराण्याच्या बशीरखाँ, विलायत हुसेनखाँ यांच्याकडे शिकली, पुढे खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे, आणि शेवटी पुन्हा खाँसाहेबांच्याच पायाशी बसली. ऐन उमेदीत नवरा गेला. पदरी तीन मुलं, त्यातली थोरली म्हणजे किशोरीताई, गायिका किशोरी आमोणकर. एवढं सोसलेल्या बाईच्या गाण्यात रडवेपणाचा लवलेश नाही.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत, पण ज्या आहेत त्या ऐकताना हातावर त्रितालाच्या सोळा मात्रा मोजून बघा. आकारातली आलापी, म्हणजे ‘आ’ म्हणत केलेला रागाचा संथ विस्तार, एका सुरातून दुसऱ्यात अशी जाते की जोड दिसत नाही. मात्रेला धक्का न लावता तान तिच्या आतबाहेर खेळते, आणि आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकणार असं आपल्याला वाटत असतानाच मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, अगदी सहज जागेवर येतो. ओढाताण नाही, समेवर आपटणं नाही. लयीवर एवढी हुकमत असूनही ती मिरवलेली नाही, मला तर हे त्यांच्या गाण्यातलं सर्वांत मोठं वाटतं. जयपूर घराण्याचे अनवट, म्हणजे क्वचितच ऐकू येणारे, राग त्यांच्याकडे नुसते जपलेले नव्हते, पचलेले होते. म्हणूनच किशोरीताईंना त्या पायावर आपली वेगळी वाट काढता आली.

१९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, हे अधूनमधून छापून येतं. त्यांचं गाणं कसं ऐकावं, हे मात्र कुठे येत नाही. पद्माताई तळवलकरांसारख्या त्यांच्याकडे शिकलेल्या कलावंतांनी ती तालीम प्रत्यक्ष घेतली आहे. वाडे या गावातल्या पुनर्वसन वसाहतीत कुर्डीची माणसं आहेत. त्यांच्याशी बोलून, येत्या मे महिन्यात त्या फोटोंशेजारी अर्धं पान मोगूबाईंच्या गाण्याला द्यावं, ही कळकळीची विनंती. सोबत ऐकण्यासारख्या दोन-तीन रागांची नावंही द्या. ती मुलगी कदाचित वाचेल.

आपली नियमित वाचक,
मडगाव