तांब्याएवढा प्रभार

खानापूर,
आषाढ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला आज मुहूर्त. पावसानं धिंगाणा घातलाय. मलप्रभा काठोकाठ आहे, करंट दिवसातून चारदा जातो.

पुतणी यंदा पी.यू. सेकंड इयरला, म्हणजे बारावीला. दहावीपर्यंत मराठी शाळा आणि आता सगळं इंग्रजीतून, म्हणून फिजिक्स घेऊन संध्याकाळी माझ्याकडे बसते. काल मेणबत्तीच्या उजेडात गणित निघालं: एक मायक्रोकूलॉमचा (कूलॉमचा दहा लाखावा भाग) बिंदुप्रभार, म्हणजे एका बिंदूत मावलेला विद्युत चार्ज, त्याच्यापासून पाच सेंटिमीटरवर विद्युतक्षेत्राची तीव्रता किती? प्रभाराला ९ × १०⁹ नं गुणायचं, अंतराच्या वर्गानं भागायचं. पोरीनं उत्तर काढलं ३६०. मला हसूच फुटलं. सेंटिमीटरचे मीटर केलेच नव्हते! बारावीला मीही हेच करून बसलो होतो आणि तू आठवडाभर पिडलं होतंस, आठवतंय? शंभरपटीची चूक वर्गात शिरली की दहा हजारपट होते.

मग ०.०५ धरून आलं ३६ लाख न्यूटन प्रति कूलॉम. "काका, एवढं कुठं असतंय? चुकलंच असणार."

उत्तर बरोबर होतं रे, पण तिची शंकाही खोटी नव्हती. कोरडी हवा मीटरला साधारण ३० लाख व्होल्टपर्यंत तग धरते (एककाचं नाव वेगळं, माप तेच), त्यापुढं ठिणगी. म्हणजे तो प्रभार एका बिंदूवर हवेत टिकायचाच नाही. पुस्तकवाले निर्वात धरतात आणि मोकळे होतात.

"मग ठेवायचा कुठं?"

धातूच्या गोळ्यावर. प्रभार सारखा पसरला की गोळ्याबाहेरचं क्षेत्र जणू सगळा प्रभार केंद्रातच बसलाय असं येतं, सूत्र तेच. आम्ही गणित उलटं फिरवलं: ३० लाखांच्या आत राहायचं तर त्रिज्या किती? ९००० (९ × १०⁹ गुणिले एक मायक्रोकूलॉम) भागिले ३० लाख, त्याचं वर्गमूळ. साडेपाच सेंटिमीटर निघाली, तीही जेमतेम. पोरगी उठली, स्वयंपाकघरातून पितळी तांब्या आणला आणि पोटाला पट्टी लावली. व्यास अकराला थोडा कमीच भरला. तांब्या काही गोळा नव्हे, काठाशी ठिणगी आधी उडेल, हे मी सांगेपर्यंत तिनं वहीत तांब्याचं चित्र काढून खाली उत्तर लिहूनही टाकलं होतं.

आता तिला तो खरंच प्रभारित करायचाय. या ओलीत कसला टिकतोय? दिवाळीनंतर ये, हवा कोरडी असेल. खायला कुंदा माझ्याकडून, ठिणगी तुझ्याकडून.

तुझाच,
३६० वाला